खांबेट्यांची आवक-जावक

श्रीनिवास खांबेट्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बोलायचं इंग्रजी शिकायचं ठरवलं, ते एका रविवारी संध्याकाळी पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती त्यांनीच टिपून ठेवली होती. साडेपाचला लीड्सहून मुलाचा, आमोदचा व्हिडिओ कॉल आला आणि पाच एक्केचाळीसला नात उठून गेली. एकूण अकरा मिनिटं. त्यातली चार 'आवाज येतोय का' यात गेली, तीन दोन्हीकडच्या हवेवर, आणि एक नुसती आमोदच्या कपाळाकडे बघण्यात, कारण तो फोन नेहमी कपाळासमोर धरतो. नातीच्या वाट्याला उरली तीन.

त्या तीन मिनिटांत सहा वर्षांच्या तनयाने एकच प्रश्न विचारला होता. "आबा, व्हेन आर यू कमिंग ओव्हर?"

प्रश्न कळला नाही असं म्हणायला जागा नव्हती. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं इंग्रजी येतंच. खांबेट्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि जे इंग्रजी हाताशी होतं त्यात उत्तर दिलं, "द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन."

तनयाने पडद्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. मग "ओके, बाय" म्हणून ती खुर्चीवरून उतरली. पडद्यावर उरलेली रिकामी खुर्ची थोडा वेळ आपल्याआपणच फिरत राहिली, आणि खांबेटे ती थांबेपर्यंत बघत राहिले.

"काय सुरेख उत्तर दिलंत," आतून उल्काताई म्हणाल्या. "माहितीस्तव प्रत कुणाकुणाला पाठवायची?"

छत्तीस वर्षांच्या संसारात उल्काताईंनी आवाज कधी चढवला नव्हता. चढवायची गरजच पडली नव्हती.

खांबेटे दुखावले, पण त्यांना त्या रात्री जेवताना एक गोष्ट कळून चुकली. त्यांच्या इंग्रजीत माणसं कुठे जातच नसत. जायचे ते कागद. कागद फॉरवर्ड व्हायचे, रिटर्न व्हायचे, सबमिट व्हायचे. माणूस फार तर रिटायर व्हायचा. याउलट ती सहा वर्षांची पोर गो, कम, गेट, रन असले चार-पाच शब्द घ्यायची, त्यांना अप, डाउन, इन, आउट, ओव्हर अशी शेपटं लावायची आणि त्या जोरावर दिवसभर अख्खं लीड्स पालथं घालायची. पायऱ्यांवर 'गो अप', झाडावरून 'कम डाउन', बागेभोवती 'रन अराउंड'. तिच्याशी बोलायचं तर तिच्यामागे धावता आलं पाहिजे, आणि खांबेट्यांचं इंग्रजी छत्तीस वर्षं खुर्चीवरून उठलेलं नव्हतं.

कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत एखाद्याने काही शिकायचं मनात आणलं, की शिकवायला पहिल्या तासात दोन माणसं हजर होतात. तिसऱ्या मजल्यावरचे आप्पासाहेब तुळपुळे पहिले. आप्पासाहेबांनी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्या बत्तीस वर्षांत एकही विद्यार्थी त्यांच्याशी इंग्रजीत बोललेला नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की हे शब्द पाठ करायचे नसतात, करून बघायचे असतात. तोंडाने 'गेट इन' म्हणायचं आणि त्याच वेळी आत जायचं.

"बसमध्ये चढायचं तर 'गेट ऑन'," आप्पासाहेब म्हणाले, "आणि मोटारीत बसायचं तर 'गेट इन'."

"आणि रिक्षात?"

ब्रिटिशांनी जाताना पुष्कळ गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या, पण रिक्षाचं काही ठरवलं नव्हतं. शेवटी दोघे कोपऱ्यावरच्या स्टँडवर गेले. आप्पासाहेब फुटपाथवर उभे राहिले आणि खांबेटे "गेट इन" म्हणत एका रिक्षात बसले, "गेट आउट" म्हणत उतरले. असं तीनदा झाल्यावर रिक्षावाल्याने हातातला पेपर खाली केला.

"आजोबा, कुठे जायचंय ते आधी ठरवा."

"जायचं कुठेच नाही," खांबेटे प्रामाणिकपणे म्हणाले.

म्हणताना काही वाटलं नाही. घरी परतताना मात्र हे वाक्य त्यांच्याबरोबर जिना चढून वर आलं.

दुसरे सल्लागार सोसायटीचे सेक्रेटरी संजय वाकणकर. त्यांनी खांबेट्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. ॲपने पहिल्याच दिवशी 'द क्रोकोडाइल इज गोइंग अप द स्टेअर्स' हे वाक्य शिकवलं. खांबेट्यांनी फोन बाजूला ठेवला. असं वाक्य आजवर कोणत्याही कचेरीत आवक झालेलं नव्हतं. मगर जिना चढतेय म्हणे; कुणाची, कुणाकडे, आणि सोसायटीची परवानगी आहे का? त्यांना खरी वाक्यं हवी होती. खऱ्या माणसाने खऱ्या माणसाला पाठवलेली, तारीख असलेली.

तो मार्ग दाखवला पहिल्या मजल्यावरच्या नूरबानू शेख यांनी. नूरबानू आणि उल्काताई गेली एकवीस वर्षं रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर शेजारी बसतात, आणि एकवीस वर्षांत त्यांचा एकदाही मतभेद झालेला नाही, कारण बोलतात नूरबानू.

"भाऊ, ॲपमधल्या मगरीला काय विचारता?" त्या खांबेट्यांना म्हणाल्या. "आमच्या कामरानला विचारा. दोहाला गेल्यापासून तो दुसरं काही लिहीतच नाही." आणि त्यांनी फोन पुढे केला. 'अम्मी, काण्ट गेट अवे नाउ. विल कम ओव्हर आफ्टर ईद.'

"केव्हाचं आहे हे?"

"दोन वर्षं झाली."

"मग ईद तर—"

"कुठल्या ईदनंतर ते त्याने लिहिलेलं नाही," नूरबानू म्हणाल्या, आणि फोन परत पर्समध्ये ठेवला. "घ्या उतरवून. निदान तुमच्या तरी उपयोगी पडेल."

खांबेटे त्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन लाल कापडी कण्याची, दोनशे पानी, लांबट वही घेऊन आले. घरी येऊन तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. पट्टीने सहा रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, वाक्य, अर्थ, शेरा. आणि कव्हरवर, ज्या वळणदार अक्षराला कचेरीतले साहेबलोकही मान देत त्या अक्षरात, नाव घातलं: आवक-जावक. ज्या वहीत येणं आणि जाणं लिहायचं तिला दुसरं काय नाव देणार? पहिली नोंद कामरानची केली. शेऱ्याच्या रकान्याशी पेन आलं आणि हाताने सवयीने लिहून टाकलं: 'अद्याप कार्यवाही नाही.'

आता या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. त्यातल्या सतरा घरांची मुलं परदेशी आहेत, चार घरांना मुलं नाहीत, आणि उरलेल्या तीन घरांतली मुलं घरीच आहेत. त्या तीन घरांकडे बाकीचे जरा सांभाळून, सहानुभूतीने बघतात. खांबेटे खरी वाक्यं गोळा करताहेत ही बातमी पसरल्यावर सतरा घरांतून टपाल सुरू झालं. कुणी जिन्यात थांबवून फोन दाखवे, कुणी चहाला बोलवून. मेलबर्नचं 'वी आर मूव्हिंग इन्टू अ बिगर प्लेस'. सिंगापूरचं 'जस्ट गॉट बॅक फ्रॉम बाली'. आप्पासाहेबांच्या मुलीचं, स्वरालीचं, टोरोंटोहून आलेलं 'वुड हॅव ड्रॉप्ड इन, बट द फ्लाइट गॉट कॅन्सल्ड'. लोक वाक्य सांगायला यायचे आणि अर्धा तास बसायचे. वाक्य आठ शब्दांचं असायचं. उरलेला वेळ ते वाक्य लिहिणारा लहानपणी काय खायचा नाही हे सांगण्यात जायचा. खांबेटे ऐकून घ्यायचे. त्यासाठी रकाना नव्हता.

वॉचमन श्रीधर पोकळे धायरीचा. एक दिवस तोही वर आला.

"साहेब, आमच्या पोराचं बी एक वाक्य लिवा की."

"कुठे असतो मुलगा?"

"येरवड्याला."

खांबेट्यांचं पेन थबकलं.

"तसं न्हाई साहेब," श्रीधर घाईने म्हणाला. "तिकडं फ्लॅट घेतलाय त्यानं. 'येतो रविवारी' म्हनतो. मराठीत हाय, चालंल?"

नियमात बसत नव्हतं. खांबेट्यांनी क्षणभर विचार केला आणि नोंद घेतली. अंतराचा रकाना वहीत नव्हताच.

सहा आठवड्यांत एकशे बारा नोंदी झाल्या. खांबेट्यांनी गोषवारा काढला. गोषवारा काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जाण्याची वाक्यं एक्क्याऐंशी: 'सेट ऑफ', 'मूव्ह आउट', 'गो अवे', 'गेट गोइंग'. येण्याची एकतीस. त्या एकतिसांतली सव्वीस 'येईन' अशी होती, तीन 'आलो असतो' अशी, आणि नुसतं 'आलो' म्हणणारी दोन. त्यातलं एक सामानाबद्दल होतं.

इंग्रजी मात्र सुधारत होतं. उल्काताई म्हणाल्या, "कालच्या कॉलला तेरा मिनिटं झाली. दोन वाढली." खांबेट्यांनी ते टिपून ठेवलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग गेटवरची पाहुण्यांची वही भरली. नव्या वहीचे रकाने सरळ आखणारा माणूस सोसायटीत एकच, म्हणून संजय वाकणकरांनी ते काम खांबेट्यांकडे पाठवलं. खांबेट्यांनी त्याच दुकानातून तशीच लाल कण्याची वही आणली, तसंच ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, तसेच सहा रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, काम, वेळ, शेरा. आणि कव्हरवर त्याच अक्षरात लिहिलं: आवक-जावक. गेटवरही माणसं येतात आणि जातातच की. दुसरं नाव त्यांना सुचलं असतं तर ते छत्तीस वर्षं त्या टेबलावर टिकले नसते.

मंगळवारी सकाळी उल्काताई भाजीला निघाल्या, जाताना टेबलावरची एक वही उचलून श्रीधरला देऊन गेल्या. खांबेट्यांना त्या आठवड्यात सर्दी होती. ते तीन दिवस वाफ घेत पडून होते आणि तीन दिवस त्यांची वही गेटवर उघडी पडून होती.

सही करायला सांगितलं की कुरिअरवाले, गॅसवाले, जेवण पोचवणारे पान वाचत बसत नाहीत. जिथे जागा दिसेल तिथे लिहितात. भरलेल्या ओळीत जागा दिसली ती शेऱ्याच्या रकान्यात. सोसायटीतली माणसं मात्र वाचतात. टॅक्सीची वाट बघत बघत वाचतात, दुधाची पिशवी हातात धरून वाचतात. तीन दिवसांत कुणाचा मुलगा कितीदा 'येईन' म्हणाला आणि 'अद्याप कार्यवाही नाही', हे चोवीस फ्लॅटना पाठ झालं.

गुरुवारी संध्याकाळी नूरबानू वर आल्या. वही त्यांच्या हातात होती. त्या काही न बोलता बसल्या, हेच उल्काताईंना विलक्षण वाटलं.

"भाऊ, हे बघा," शेवटी त्या म्हणाल्या.

पान पहिलं, नोंद पहिली. कामरान शेख. विल कम ओव्हर आफ्टर ईद. त्यापुढे खांबेट्यांचा शेरा, आणि शेऱ्याखाली गॅस सिलिंडरवाल्याच्या गिचमिड अक्षरात: 'आला. ११.२०.'

खांबेट्यांनी शरमेने पेन उचललं. "वहिनी, मी आत्ताच्या आत्ता खोडतो."

"खोडू नका," नूरबानू म्हणाल्या. "मला माहितेय सिलिंडर आलाय. मीच घेतला आत. पण तिथे उभं राहून वाचलं तेव्हा... एक सेकंद बरं वाटलं, भाऊ. राहू दे."

बाकीची सोसायटी इतकी समजूतदार नव्हती. शुक्रवारी खांबेट्यांना सेक्रेटरींची नोटीस आली: सभासदांच्या कौटुंबिक बाबी प्रवेशद्वारी प्रसिद्ध केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. खांबेट्यांनी नोटीस वाचली आणि परत केली.

"स्वीकारता येत नाही," ते म्हणाले. "जावक क्रमांक नाही."

"अहो काका, आपल्याच सोसायटीत—"

"वाकणकर, क्रमांक नसलेला कागद म्हणजे अफवा."

वाकणकर खाली जाऊन क्रमांक घालून आले. क्रमांक कुठून सुरू करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेही खांबेट्यांनीच सांगितलं. मग त्यांनी आपल्यावरच्या आरोपाची रीतसर पोच दिली, तारीख-वेळ घालून.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि गणसंख्या पहिल्याच मिनिटाला पूर्ण झाली, हे संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. खांबेटे मधोमध बसले. बाजूला उल्काताई, मांडीवर वही.

खुलासा ऐकायला कुणालाच सवड नव्हती. आणि थोड्याच वेळात असं दिसलं, की वही उघडी पडली याची तक्रार कुणाचीच नव्हती. तक्रार होती ती शेऱ्याबद्दल.

"माझी नोंद चुकीची आहे," आप्पासाहेब उभे राहिले. "स्वराली बावीस साली आली होती. पूर्ण दोन दिवस."

"ती दिल्लीच्या लग्नाला आली होती, आप्पासाहेब," कुणीतरी मागून म्हणालं. "इकडे जाता जाता."

"जाता जाता का होईना, आली ना? जेवली. झोपली. ती पूर्ण आवक धरली पाहिजे."

"मग आमचा विमानतळावर भेटला, चार तास," चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "त्याचं काय धरणार?"

"अंशतः," खांबेट्यांच्या तोंडून निघून गेलं.

"अंशतः?" बाई खुर्चीवरून उठल्या. "मी डबा नेला होता हो. सगळा संपवला त्याने."

खांबेट्यांनी वही उघडली, बाईंची नोंद काढली आणि 'अद्याप कार्यवाही नाही' यावर रेघ मारून लिहिलं: 'आला. चार तास.' मग आप्पासाहेबांची काढली. मग एकेक जण उठून खुर्चीशी येऊ लागला. कुणाचे आठ दिवस होते, कुणाचे साडेतीन. कुणी दिवस वाढवून सांगत होतं हे खांबेट्यांना कळत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कागदपत्रं मागितली नाहीत.

गर्दी ओसरल्यावर नूरबानू म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यांची पानं झाली. आमोदचं पान कुठाय?"

खांबेट्यांनी पानं चाळल्यासारखं केलं.

"त्याचं वाक्य यात बसत नाही," ते म्हणाले. "तो 'येईन' असं लिहीत नाही."

"मग काय लिहितो?"

उत्तर दिलं उल्काताईंनी, साध्या, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "तो 'तुम्ही कधी येताय' असं लिहितो. चार वर्षं दर महिन्याला लिहितोय. ते टपाल यांच्याच टेबलावर पडून आहे."

आता यावर वाचकाला थोडं सांगायला हवं. आमोद लीड्सला निघाला तेव्हा खांबेटे दारात म्हणाले होते, "पहिली खेप तुमची. आईवडील ही मागवून घ्यायची वस्तू नव्हे." वाक्य चांगलं झालं होतं, आणि चांगल्या झालेल्या वाक्याचा एक त्रास असतो, ते मागे घेववत नाही. सुनेला, शेफालीला, रजा मिळत नव्हती, मग तनयाची शाळा सुरू झाली, आणि खांबेटे आपल्या वाक्याला धरून कर्वेनगरात बसून राहिले. उल्काताईंनी दोघांचे पासपोर्ट केव्हाच काढून आणले होते. ते कपाटात साड्यांच्या खाली होते, एकही शिक्का न उठलेले.

पण मान हे वरवरचं कारण होतं, आणि पार्किंगमधल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खांबेट्यांना ते पहिल्यांदाच सरळ दिसलं. भीती निराळीच होती. तिकडे जायचं, त्या पोरीच्या घरात, तिच्या समोर बसायचं, आणि तिने काही विचारलं की पाठ ताठ करून 'अंडर कन्सिडरेशन' म्हणायचं. इथे निदान ती अकरा मिनिटांनी उठून जायची. तिथे ती रोज उठून गेली असती.

सभेचा वृत्तान्त लिहिला गेला नाही. ही वही पुन्हा गेटवर ठेवू नये एवढा ठराव झाला, आणि नव्या वहीवर 'गेट' असं लिहावं असंही ठरलं. त्याला अनुमोदन श्रीधरने दिलं, जो सभासद नव्हता.

रविवारी साडेपाचला कॉल आला. आवाज येतोय का हे खांबेट्यांनी विचारलंच नाही. हवेचाही विषय काढला नाही. त्यांनी वही उघडली होती, चष्मा लावला होता, आणि तनया दिसताच ते म्हणाले, "तनया, गो राउंड द टेबल."

ती गोंधळली. "व्हाय?"

कचेरीत 'का' विचारलं तर त्याचं उत्तर वरिष्ठांकडून मागवावं लागे. खांबेट्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिलं. "गेम."

तनयाने फोन फळीवर टेकवून ठेवला आणि टेबलाला फेरी मारली. "नाउ गेट अप ऑन द चेअर." ती चढली. "क्लाइम्ब डाउन." उतरली. "रन आउट. कम बॅक." पडद्यावर लीड्सच्या घराचं छत आणि दिव्याची तार एवढंच दिसत होतं, पायांचा धाडधाड आवाज लांब जायचा आणि परत जवळ यायचा. प्रत्येक वेळी तो परत जवळ येऊ लागला की खांबेटे नकळत खुर्चीवरून अर्धे उठायचे. एकशे बारा वाक्यांत इतकी वर्षं जी माणसं नुसती जात राहिली होती, त्यांतलं एक छोटं माणूस दर अर्ध्या मिनिटाला धावत परत येत होतं.

पंचवीस मिनिटं झाली. मग तनयाने फोन हातात घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता. "नाउ यू, आबा."

"अहो, गुडघा," उल्काताई म्हणाल्या.

"गो राउंड द टेबल, आबा."

खांबेटे जेवणाच्या टेबलाला फेरी मारून आले. मग स्टुलावर चढले. स्टूल उल्काताईंनी धरलं आणि उल्काताईंना फोन. मग उतरले. मग आज्ञा आली, "गो अंडर द टेबल." ते ओणवे झाले, आत शिरले, आणि आत गेल्यावर उजव्या गुडघ्याने सहकार्य नाकारलं. खांबेटे तिथेच, मांडी ना उकिडवे अशा अवस्थेत, राहिले. उल्काताईंनी खाली वाकून फोन त्यांच्यासमोर धरला.

तनया पोट धरून हसत होती. हसू ओसरल्यावर तिने फोन अगदी जवळ घेतला, इतका की पडद्यावर तिचा एक डोळा आणि नाकाचा शेंडा एवढंच राहिलं.

"नाउ," ती म्हणाली, "कम ओव्हर हिअर."

लीड्समध्ये मागे कुठेतरी आमोद म्हणाला, "तनू, बस झालं, आबा दमले."

खांबेट्यांनी टेबलाखालून त्या डोळ्याकडे पाहिलं. समोर जायला पाच फुटांवर भिंत होती. वहीत येण्याच्या एकतीस तऱ्हा होत्या, पण वही वर टेबलावर राहिली होती.

"आय ॲम कमिंग ओव्हर," ते म्हणाले. पाठ ताठ करता येत नव्हती, म्हणून ती वाकलेलीच राहिली. "आबा अँड आजी. बोथ."

आमोदचं कपाळ पडद्यावर येता येता राहिलं. तनयाने मात्र विचार केला आणि व्यवहाराची गोष्ट सांगितली.

"ओके," ती म्हणाली. "बट गेट अप फर्स्ट."

उठायला सात मिनिटं लागली. त्यासाठी आप्पासाहेबांना तिसऱ्या मजल्यावरून बोलवावं लागलं, आणि त्यांनी एक हात धरून ओढताना कोणतं क्रियापद वापरायचं हे सांगायचा मोह आवरला नाही. कॉल तोवर चालूच होता. त्रेचाळीस मिनिटं.

सगळे गेल्यावर उल्काताईंनी कपाटातून दोन पासपोर्ट आणून टेबलावर ठेवले. खांबेट्यांनी ते पानन्‌पान चाळले. कोरी पानं बघायला त्यांना कधी आवडत नसे.

"मुदत आहे अजून," उल्काताई म्हणाल्या. "पासपोर्टची. आपलीही धरून चाला."

खांबेट्यांनी वहीत नवं पान घेतलं. अनुक्रमांक एकशे तेरा. कोणाकडून: तनया आमोद खांबेटे, वय सहा, लीड्स. वाक्य: कम ओव्हर हिअर. अर्थाचा रकाना ते सोडून पुढे गेले. मग त्याखाली दुसरी ओळ घेतली आणि तिच्या डोक्यावर 'जावक' असं लिहून, जन्मभर ज्या शब्दाखाली हजारोंनी दुसऱ्यांचे कागद चढवले होते, त्याखाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं. श्रीनिवास खांबेटे. सौ. उल्का खांबेटे. व्हिसा कधी होईल, थंडी सोसेल का, तिथे गेल्यावर ती पोर अकरा मिनिटांनी उठून जाईल का, याची नोंद घ्यायला अजून काही हाती नव्हतं.

शेऱ्याचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला.

"तो का रिकामा?" उल्काताईंनी विचारलं.

"तो तिथे गेल्यावर तनयाने भरायचा. तिला मराठी लिहायला शिकवीन. 'आला' एवढंच. दोन तर अक्षरं आहेत."

उल्काताईंनी चष्मा नाकावर घेतला आणि पान नीट बघितलं.

"'आले'," त्या म्हणाल्या. "आजोबा आहात. तेही दोनच अक्षरांत होतं."